मखदूमसाहेबांचा ग्रंथ आमच्या नातवंडांच्या हाती द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ,
प्रभादेवी, मुंबई



मागणी आधीच सांगते, म्हणजे पुढचे सारे कशासाठी चालले आहे ते कळेल. माहीमच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे त्या मखदूम फकीह अली माहिमी यांच्या अरबी लेखनातला निवडक भाग मंडळाने मराठीत आणावा. सोबत त्यांचे भरवशाचे चरित्र द्यावे. आणि हे पुस्तक शाळेतल्या पोराला स्वतःच्या खाऊच्या पैशातून घेता येईल अशा किमतीत छापावे.

मी लग्न होऊन माहीमला आले ती इथलीच झाले. मराठी शाळेत शिकवत निवृत्त झाले. आता नातवंडांच्या वयाच्या मुलांना घरी गोष्टी सांगते, पाढे घेते. हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण यातला प्रश्न माझ्या एकटीच्या घरातला नाही. आमच्या इमारतीत, पलीकडच्या गल्लीत, कोळीवाड्यात, दर्ग्यामागच्या घरांत म्हातारी माणसे आहेत आणि सगळ्यांना आतून एकच चिंता आहे. जागेवर नॉमिनी लागला, बँकेच्या पावत्यांवर नावे चढली, काहींनी मृत्युपत्रे रजिस्टर केली. पण ज्याच्या आधाराने आम्ही वाईट दिवस काढले, ती श्रद्धा कुणाच्या नावावर करायची?

आमच्या घरातल्या बायकांचा आठवडा ठरलेला असे. मंगळवारी शीतलादेवीला नारळ, बुधवारी सेंट मायकलमध्ये मेणबत्ती, गुरुवारी मखदूमशा बाबांना फुलांची चादर. सासूबाईंना यात आपण काही वेगळे करतो आहोत असे कधी वाटले नाही. सेंट मायकल पोर्तुगीजांच्या वेळचे, १५३४ सालचे. तिथली बुधवारची नोव्हेना १९४८ पासूनची. चर्चबाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असते. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, ते घेऊन माणूस आत जातो. त्या रांगेत हळदीकुंकू लावलेली बाई आणि बुरख्यातली बाई एकामागोमाग उभ्या राहिलेल्या मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत.

हे सारे मला अतिशय प्रिय आहे. तरीही शिक्षिका म्हणून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आम्ही मुलांना जे दिले त्यात नवस जास्त होता आणि विचार कमी. नवसाचे नाते काम होईपर्यंतचे असते. परीक्षा पास झाली, नोकरी लागली, मूल झाले, नारळ फुटला, मेणबत्ती लागली, झाले. पुढच्या पिढीला औषधे मिळाली, क्लास मिळाले, परदेशातल्या नोकऱ्या मिळाल्या. मग रांगेत उभे राहण्याचे कारण त्यांना उरले नाही. ही मुले नास्तिक झाली असे मी म्हणणार नाही. त्यांना प्रश्न पडतात, आणि त्यांच्या प्रश्नांना पुरेल असे आमच्या हातात काही नसते.

डिसेंबरात, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या सुमारास दर्ग्याचा मेळा भरतो. दहा दिवस सगळा सावरकर मार्ग आणि मागची चौपाटी गजबजलेली असते. आकाशपाळणे, खेळणी, हलवा-पराठ्याचे भलेथोरले तवे. संदलच्या मिरवणुकीची सुरुवात मुंबई पोलिसांची. पहिली चादर त्यांची, हा मान त्यांचा. खाकी वर्दीतले अधिकारी डोक्यावर तबक घेऊन चालतात, पुढे बँड, वर फुलांच्या जाळ्या, चंदनाचा वास. माझी नात माझा पदर धरून हे बघत होती. तिने विचारले, पोलीस का जातात? मी तिला मखदूमसाहेबांची पाण्याची गोष्ट सांगितली. लोक सांगतात ती अशी, की रात्री आईने पाणी मागितले, मुलगा पाणी घेऊन आला तोवर आईचा डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून तो पेला हातात धरून पहाटेपर्यंत तसाच उभा राहिला. आईने उठल्यावर हे पाहिले आणि त्याच्यासाठी दुआ मागितली. आज दर्ग्यात मुलाच्या शेजारी त्या आईची, फातिमाबींची कबर आहे.

नातीने गोष्ट मन लावून ऐकली. मग म्हणाली, ते इतके शिकलेले होते ना, मग त्यांनी लिहिलं काय?

हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मोठे आहे. मखदूम अली माहिमी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मले आणि १४३१ साली गेले. अरबस्तानातून येऊन कोकण किनाऱ्यावर इथलेच होऊन गेलेल्या नवायत लोकांतले त्यांचे घराणे. माहीम तेव्हा बेट होते आणि बंदरही. गुजरातच्या सुलतानांचा अंमल होता, आणि मखदूमसाहेबांच्या शेवटच्या काही वर्षांत याच बेटासाठी बहामनी आणि गुजरात यांच्यात लढाई झाली. गलबतांबरोबर माल येई तशी पुस्तकेही येत. स्पेनमधल्या मुर्सिया शहरात ११६५ साली जन्मलेला आणि दमास्कसला १२४० मध्ये निवर्तलेला इब्न अरबी हा थोर सूफी तत्त्वज्ञ. त्याच्या ‘फुसूस अल-हिकम’ या अवघड ग्रंथावर माहीमच्या या माणसाने भाष्य लिहिले. जे आहे ते मुळात एकच आहे आणि बाकी सारे त्याचे प्रकटणे आहे, हा इब्न अरबीच्या परंपरेतला विचार. अद्वैत ज्यांच्या कानावरून गेले आहे त्या मराठी माणसाला तो परका वाटणार नाही. लोकांनी मखदूमसाहेबांना कुतुब-ए-कोकण म्हटले. ते फकीह होते, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार. न्यायनिवाडा हे त्यांचे काम होते. पोलीस त्यांना का मानतात याचा धागा यातही सापडेल.

पण त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे कुराणावरचे अरबी भाष्य, ‘तबसीर अल-रहमान’. लोक त्याला ‘तफसीर-ए-रहमानी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ते कैरोजवळच्या बुलाक इथल्या प्रसिद्ध छापखान्यात छापले गेले. म्हणजे माहीमच्या किनाऱ्यावर लिहिलेला ग्रंथ नाईल नदीच्या काठी छापला गेला.

त्या भाष्यातली एक गोष्ट मला जवळून दाखवायची आहे, कारण ती कळल्यापासून हे पत्र माझ्या मनात तयार होत होते. कुराणात ११४ सुरा, म्हणजे अध्याय, आहेत. नववी सोडली तर प्रत्येक सुरेच्या आरंभी एकच वाक्य येते, बिस्मिल्लाह. परम दयाळू, कृपावंत अशा ईश्वराच्या नावाने, असे. बहुतेक भाष्यकार या वाक्याचा अर्थ पहिल्यांदा सविस्तर सांगतात आणि पुढे जातात. तेच वाक्य, तोच अर्थ, पुन्हा पुन्हा काय सांगायचा? माहिमींनी तसे केले नाही. दर सुरेच्या तोंडाशी ते थांबतात आणि त्या वाक्याचा अर्थ पुढच्या सुरेच्या विषयाशी जुळवून नव्याने सांगतात. एक सुरा गायीच्या नावाची, एक मधमाशीच्या, एक मुंगीच्या, एक कोळ्याच्या. प्रत्येक ठिकाणी त्याच नावाने सुरुवात होते; पण इथे ती दया कोणत्या रूपाने आली आहे, हे त्या त्या जागी उलगडलेले. शिवाय एक आयत दुसरीशी कशी जोडलेली आहे, हे दाखवणे हाही त्यांच्या भाष्याचा गाभा आहे. सुटीसुटी वचने उचलून वाद घालणाऱ्या आजच्या काळात, सगळे एकत्र वाचा असे सांगणारा हा माणूस सहाशे वर्षांपूर्वी माहीमला राहत होता.

मी मुलांकडून रोज संध्याकाळी शुभंकरोती म्हणून घेते. शेजारच्या घरात रोज हरिपाठ होतो, खालच्या मजल्यावर रोज रोझरी. प्रत्येक घरात एक तरी मूल विचारते, तेच ते रोज का? मोठी माणसे एक तर रागावतात, नाही तर हसून सोडून देतात. मखदूमसाहेबांनी त्या मुलाचा प्रश्न गंभीरपणे घेतलेला आहे. आरंभाची ओळ तीच असते, पण तिच्यापुढे आज काय येणार ते दर वेळी निराळे असते, आणि ती ओळ त्याच्याशी लावून बघायची असते. आजारपणाच्या संध्याकाळी म्हटलेली आणि निकालाच्या संध्याकाळी म्हटलेली प्रार्थना शब्दांनी एकच असते. हे मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगते आहे. मूळ ग्रंथ जाणणाऱ्याने ते नीट, उदाहरणांसह मांडले, तर कुठल्याही धर्माच्या घरातले मूल रोजची प्रार्थना निराळ्या कानाने ऐकेल.

आपल्या भाषेला हा प्रकार नवा नाही. भाष्य हा तर मराठीचा पाया. गीतेवरची ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे १२९० सालची. मखदूमसाहेब त्यानंतर शंभरेक वर्षांनी लिहीत होते. एक नेवाशाला, एक माहीमला. दोघांच्याही हातात आधीच्या पिढ्यांनी पूज्य मानलेला ग्रंथ होता आणि दोघांनीही तो पुढच्या माणसांसाठी उलगडला. ज्ञानेश्वरांनी मराठी निवडली म्हणून आज माझ्या नातीला ज्ञानेश्वरीपर्यंत पोहोचता येते. माहिमींनी आपल्या विद्येच्या परंपरेप्रमाणे अरबी निवडली, म्हणून ते त्यांच्याच गावात कबरीपुरते उरले आहेत. इथल्या कोकणी मुसलमान घरांतली मुलेसुद्धा आता बहुतेक इंग्रजीत शिकतात. चादर चढवणाऱ्या हिंदू बाईला जेवढे ठाऊक, तेवढेच त्यांतल्या कित्येकांना.

एका पुस्तकाने काय होते, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर इथून चालत जाण्याच्या अंतरावर, दादर चौपाटीवर, बाबासाहेब आंबेडकरांच्या चैत्यभूमीत आहे.

परळच्या चाळीत निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ राहत. कबीरपंथी होते. मुलांकडून रामायण, महाभारत वाचून घेत, भजने म्हणून घेत. त्या बाबतीत शिस्त कडक. त्यांचा भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब, वाचत असे, पण वडिलांना विचारतही असे, की ज्या ग्रंथांत आपल्याला कमी लेखले आहे ते आपण का वाचायचे? हा मुलगा १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. त्याच्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर आले होते. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक. मुलगा एल्फिन्स्टनचा, त्यांची ओळख चर्नी रोडच्या बागेत झालेली, तिथे दोघेही वाचत बसत. केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले पुस्तक भेट दिले, ‘गौतम बुद्धाचे चरित्र’, १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेले, मराठीतले. बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी पुढे याच पुस्तकाचा उल्लेख केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्याची एक वाट परळच्या त्या सत्कारातून जाते.

यात मला दोन माणसे दिसतात आणि दोघांचेही ऋण वाटते. बापाने रोजच्या वाचनाची सवय लावली, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला घराबाहेर काढले नाही. आणि नात्यागोत्याबाहेरच्या एका शिक्षकाने योग्य वेळी योग्य पुस्तक हातात ठेवले. बौद्ध धर्माचे पुस्तक द्यायला केळुसकर बौद्ध असावे लागले नाहीत. पुस्तक मराठीत असावे लागले मात्र.

माहीमपुरते बोलायचे तर मागच्या लोकांनी पुढच्यांसाठी लिहून ठेवण्याचे उदाहरण इथे फार जुने आहे. ‘महिकावतीची बखर’ आपल्याला ठाऊकच आहे. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्यांनी १४४८ मध्ये रचला, म्हणजे मखदूमसाहेब गेल्यानंतर अवघ्या १७ वर्षांनी, याच टापूत. सत्ता बदलल्या होत्या, लोक आपली कुळे, आपले आचार विसरत चालले होते. बखरीप्रमाणे मालाडच्या नायकोरावाच्या स्वप्नात देवी आली आणि तिने लोकांना जमवून हे सारे सांगण्याची आज्ञा केली. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द त्या बखरीत भेटतो. पुढच्यांनी भर घालत शतकभराहून अधिक काळ ती वाढवली, आणि १९२४ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती छापली. माझ्या मनात हे दोन ग्रंथ एकाच फळीवर असतात. एकाच किनाऱ्यावर, एकाच धामधुमीच्या काळात दोन निरनिराळ्या समाजांतल्या जाणत्यांना वाटले, की जे आपल्याला मोलाचे आहे ते लिहून ठेवले पाहिजे, नाही तर पोरांपर्यंत पोहोचणार नाही. बखर राजवाड्यांमुळे आपल्यापर्यंत आली. दुसऱ्या ग्रंथाला अजून राजवाडे भेटायचे आहेत.

आणि एक सांगायचे आहे, ते जड मनाने. माझ्या नातवंडांच्या आईबापांच्या पिढीला माहीम निराळ्या तारखांनी ठाऊक आहे. १९९२-९३ ची दंगल. १२ मार्च १९९३, त्या दिवशी मच्छीमार वसाहतीवर हातबाँब फेकले गेले. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ आणि लोकलचे फाटलेले डबे. या आठवणी घरोघर सांगितल्या जातात, त्यांना शिकवणी लागत नाही. जेवताना एखादे वाक्य, एखाद्या गल्लीतून जाऊ नको अशी ताकीद, आणि पोर शिकते. भीती पुढच्या पिढीकडे आपोआप जाते. त्याच गल्लीतल्या ज्ञानाचे तसे नाही. ते मुद्दाम पोहोचवावे लागते, कुणी तरी बसून, कष्ट करून. म्हणून मी ही मागणी मंडळाकडे करते आहे. एका घराच्या आवाक्यातले हे काम नाही.

संपूर्ण भाष्याचे भाषांतर मी मागत नाही. ते दोन मोठ्या खंडांचे काम आहे, त्याला वर्षे लागतील. आधी दीड-दोनशे पानांचे पुस्तक करावे. त्यात माहिमींनी सुरांच्या आरंभी केलेल्या बिस्मिल्लाहच्या विवेचनांतली निवड असावी. धर्माच्या नियमांमागचा हेतू काय, हे उलगडणारे त्यांचे लेखन आहे. त्यातली काही पाने असावीत, कारण मुलांचा पहिला प्रश्न नेहमी ‘का’ हाच असतो. चरित्रात इतिहास आणि लोककथा वेगवेगळ्या ठेवाव्यात. पाण्याची गोष्ट अवश्य घ्यावी, समुद्रकिनारी ख्वाजा खिज्र त्यांना शिकवायला येत ही गोष्टही घ्यावी, पण लोक असे सांगतात म्हणून घ्यावी. तारखा आणि ग्रंथनामे जाणकारांनी तपासून द्यावीत.

हे काम एकट्यादुकट्याकडे सोपवू नये. मुंबई विद्यापीठात अरबी शिकवली जाते; दर्ग्याशी जोडलेले आलिम आहेत; आणि मराठी लिहिण्याची हातोटी असलेली माणसे आपल्याकडे आहेत. अरबीचा जाणकार आणि मराठीचा लेखक एका टेबलाशी बसले पाहिजेत, रोज. पवित्र मानलेल्या वचनांचे भाषांतर निष्काळजीपणे झाले तर श्रद्धाळू माणसे दुखावतील, आणि ते दुखावणे रास्त असेल. त्यामुळे वेळ लागला तरी चालेल, घाई नको. सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायावर मराठीत लिहिले, रा. चिं. ढेऱ्यांनी मुसलमान मराठी संतकवींचा शोध घेतला. वाट मळलेली आहे.

एखाद्या धर्माच्या भाष्यावर सरकारी पैसा का, असा आक्षेप येईल. मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, ही एक गोष्ट मला त्यावर पुरेशी वाटते. वाईच्या पाठशाळेतून आलेला तो पंडित. जगभरचे ज्ञान मराठीत आले पाहिजे म्हणून त्याने आयुष्य घातले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आम्ही माहीमकरांनीही पेढे वाटले. मराठी मुलुखात लिहिलेला जो ग्रंथ कैरोने छापला, तो वाचायची सोय मराठीत करणे हे त्या दर्जाला शोभणारे काम आहे.

आपली पुस्तके स्वस्त असतात आणि कित्येक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, याबद्दल मी शिक्षिका म्हणून मंडळाची कायमची ऋणी आहे. हेही तसेच व्हावे. टाइप मोठा ठेवा. इंग्रजी शाळेतली मुले मराठी अडखळत वाचतात. त्यांना जोडाक्षरांची गर्दी झेपत नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही मोठा टाइप बरा. पालिकेच्या शाळांत मराठी आणि उर्दू अशी दोन्ही माध्यमे आहेत. दोन्हीकडे प्रती जाव्यात. मेळ्याच्या दहा दिवसांत, खेळण्यांच्या आणि हलवा-पराठ्याच्या दुकानांशेजारी मंडळाचे एक टेबल लागावे. दर्ग्याचे विश्वस्त जागा नाकारतील असे मला वाटत नाही.

आमच्याकडून काय होईल तेही लिहून ठेवते. माहीम-दादरमध्ये माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका पुष्कळ आहेत. मुद्रिते तपासायला आम्ही येऊ. प्रभादेवी आम्हाला एका बसच्या अंतरावर आहे. कच्चा मजकूर आम्ही आपापल्या घरी मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊ आणि कुठल्या वाक्यापाशी मूल थांबले, कुठे त्याने प्रश्न विचारला, ते समासात लिहून परत पाठवू. मोबदला नको. पहिली बैठक ठरली की कळवावे, म्हणजे कोण कोणत्या वारी मोकळी आहे ते पाहून यादी पाठवते.



आपली,
माहीमची एक आजी
मुंबई ४०० ०१६